निघायची तारीख कोणी ठरवली?

दापोलीकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. धाकटा मुलगा मस्कतला नोकरीला आहे. तिथे त्याने शिडाच्या बोटीचा पाच दिवसांचा कोर्स केला आणि सुट्टीच्या दिवशी किनाऱ्या-किनाऱ्याने फिरू लागला. आता दोन मित्रांबरोबर त्याने एक जुनी यॉट घेतली आहे. मेअखेर मस्कतहून निघायचे, शिडावर मुंबई गाठायची आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बहिणीच्या निकाहला हजर व्हायचे, असा बेत आहे. भगिनी लिहितात, "याचे आजोबा नाखवा होते, पण याला त्यांच्याबरोबर एकदाही समुद्रावर जायला मिळाले नाही. याला रोखू, की दुआ देऊन पाठवू?"

आधीच कबूल करतो, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्येही आमचे पोट ढवळते. तेव्हा शिडे कशी ओढावीत, हे आम्ही सांगणार नाही. पण पत्र दोनदा वाचल्यावर आमचे बोट बोटीच्या वयावर थांबले नाही, की मुलाच्या पाच दिवसांच्या शिक्षणावरही. ते थांबले तारखेवर. मेअखेर ही तारीख समुद्राने दिलेली नाही. ती रजेने आणि लग्नाच्या मांडवाने दिली आहे.

एक जुनी गोष्ट सांगतो. 1968 साली लंडनच्या 'संडे टाइम्स'ने एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. अट एवढीच, की 1 जून ते 31 ऑक्टोबर या काळात निघायचे. डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाच्या इंजिनिअरने नाव दिले. त्याचा जन्म आपल्याकडच्या गाझियाबादचा. इंग्लंडमध्ये त्याचा इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा लहानसा धंदा होता आणि तो बुडत चालला होता. घरात पत्नी क्लेअर आणि चार मुले. समुद्राचा अनुभव म्हणाल तर सुट्टीतल्या फेऱ्यांचा. तरीही त्याने तीन सांगाड्यांची नवी बोट बांधायला घेतली, ज्या जातीची बोट त्याने कधी चालवलीच नव्हती. पैसा दुसऱ्याचा होता, आणि माघार घेतली तर बोट स्वतः विकत घ्यावी लागेल, असा करार होता. वर्तमानपत्रांतून नाव झाले होते, गाव कौतुकाने पाहत होते.

बोट उशिरा तयार झाली. कारखान्यापासून निघण्याच्या बंदरापर्यंतचा तीन दिवसांचा प्रवास, त्यालाच जवळपास दोन आठवडे लागले. आमच्या मते समुद्राने तिथेच जबाब दिला होता. पण ऐकायला वेळ कुणाला होता? तारीख जवळ येत होती. शेवटच्या रात्री तो पत्नीला म्हणाला, की बोट बरोबर नाही, माझी तयारी नाही. तिने विचारले, आता सोडून दिलेस तर जन्मभर मनाला लागून राहील का? तो काही बोलला नाही, रडत राहिला. दुसऱ्या दिवशी, 31 ऑक्टोबरला, मुदत संपायला काही तास उरले असताना तो निघाला. घाईत दुरुस्तीचे बरेच सामान किनाऱ्यावरच राहिले.

दोन आठवड्यांत त्याला कळून चुकले, की ही बोट दक्षिणेच्या खवळलेल्या समुद्रात टिकणार नाही. परतावे तर कर्ज, पुढे जावे तर मरण. म्हणून तो अटलांटिकमध्येच फिरत राहिला आणि रेडिओवरून खोटा ठावठिकाणा कळवू लागला. 10 जुलै 1969 रोजी त्याची बोट रिकामी सापडली. आत वह्या होत्या, तो नव्हता. तो मला 'थांब' म्हण अशी विनवणी करत होता आणि मला ते कळले नाही, अशी खंत क्लेअरने पुढे बोलून दाखवली. भगिनींचे पत्र वाचताना आम्हाला ती बाई आठवली, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

त्या शर्यतीत नऊजण होते. पोहोचला एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, 312 दिवसांनी. त्याची बत्तीस फुटांची सागवानी बोट आपल्या मुंबईच्या सुतारांनी बांधलेली. नाव 'सुहैली'. अरब खलाशी खाडीतल्या आग्नेयेच्या वाऱ्याला याच नावाने ओळखतात. बोट धिमी होती. पण तो मूळचा व्यापारी जहाजावरचा अधिकारी, आणि शर्यतीच्या आधी हीच बोट त्याने मुंबईहून आफ्रिकेमार्गे इंग्लंडपर्यंत नेली होती. वाटेत ती कुठे गळते आणि कुठे कण्हते, हे त्याला ठाऊक झाले होते. शर्यतीत तळाच्या फटीतून पाणी येऊ लागले तेव्हा त्याने समुद्रात उतरून ती बुजवली. टाकीतले पाणी खराब झाले तेव्हा पावसाच्या पाण्यावर भागवले. बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

पुढे 2006 साली आपल्या नौदलाने दिलीप दोंदे यांना एकट्याने जगप्रदक्षिणा करायला निवडले, तेव्हा त्यांनी आधी याच नॉक्स-जॉन्स्टनच्या हाताखाली काम केले. मग गोव्यात 'म्हादेई' बांधली गेली. ते मुंबईहून निघाले 19 ऑगस्ट 2009 ला. म्हणजे नौदल पाठीशी असूनही तीन वर्षे तयारी!

आपले जुने दर्यावर्दी तारखेबाबत फार कडक होते. पंधराव्या शतकातला अरब नाविक अहमद इब्न माजिद याने कोणत्या बंदरातून कधी निघावे, याचे दिवस लिहून ठेवले आहेत. ते दिवस हिजरी महिन्यांत नाहीत, नैरोजपासून मोजलेले आहेत. कारण उघड आहे. हिजरी वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते, वारा सरकत नाही. याच ठरल्या वेळेला अरबीत मौसम म्हणतात, आणि आपला मोसम तिथूनच आला.

आता मेअखेरीच्या अरबी समुद्राकडे पाहा. नैर्ऋत्येचा मोसम उंबरठ्यावर असतो. चक्रीवादळांचा हाच काळ. 2007 च्या जूनमधले गोनू वादळ ओमानवरच आदळले होते. 1 जूनपासून आपल्या किनाऱ्यावर मासेमारीही बंद असते, समुद्रात मदतीला हाक मारावी तर आसपास होडी नाही. उलट डिसेंबर ते फेब्रुवारीत वारे उत्तर-ईशान्येचे आणि सौम्य असतात, समुद्रही बराच शांत.

मस्कत ते मुंबई अंतर सुमारे साडेआठशे सागरी मैल. लहान बोट ताशी पाच मैल चालली तर सात दिवस. नवख्याने चौदा दिवसांचे अन्नपाणी धरावे. माणशी रोज चार लिटर, म्हणजे तिघांना पावणेदोनशे लिटरच्या आसपास, आणि तेही एकाच टाकीत नको. पहिले दोन-तीन दिवस उलट्यांत जातील, तेव्हा पहारा कोण देणार हे निघण्याआधी ठरवायला हवे. संकटाचा इशारा देणारे यंत्र बोटीच्या नावाने नोंदवलेले असावे. आणि उपग्रह फोन परवान्याशिवाय भारतीय हद्दीत आणू नये. तो गुन्हा आहे, बंदरावर उतरताच पोलीस दारात.

भगिनी, यातले काहीही तुम्हाला समजायला हवे असे नाही. मुलाला तीनच गोष्टी विचारा. हीच बोट घेऊन तुम्ही तिघे सलग तीन रात्री किनाऱ्याबाहेर राहून आला आहात का? तिघांपैकी एकाने 'आज नको' म्हटले तर बाकीचे दोघे थांबणार आहेत का? आणि महासागर ओलांडलेला एखादा जाणता माणूस चौथा म्हणून सोबत का नाही?

तो फोनवर आवाज चढवील. चढवू द्या. पण कधी आवाज उतरला, अम्मी, बोट अजून नीट झाली नाही असे म्हणाला, तर त्याला हिंमत देऊ नका. लगेच सांगा, की राहू दे बेटा, इथे कुणी हसणार नाही.

निकाहला त्याला विमानाने यायला सांगा, तीनएक तासांचा प्रवास आहे. बोट मस्कतला बांधून ठेवू दे. डिसेंबरच्या बेताबद्दल तुम्ही पुन्हा लिहा.