कागदावरचा ‘ओ’



काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी माझ्या पनवेलच्या दवाखान्यात एक गृहस्थ आले आणि त्यांनी तीन कागद टेबलावर ठेवले. पाच वर्षांच्या मुलीच्या शाळेच्या अर्जासाठी तिचा रक्तगट तपासला होता, तो ‘बी’ निघाला. आईचा ‘ए’. स्वतः गृहस्थांचा ‘ओ’. पत्नी बाहेर बाकावर बसली होती. “डॉक्टर, हे शक्य आहे का?” एवढेच त्यांनी विचारले. त्या प्रश्नात काय दडले होते, हे मी सांगावयास नको.

पाठ्यपुस्तकी उत्तर ‘नाही’ असेच आहे. मुलीतील ‘बी’ आईकडून आला नाही, तर तो वडिलांकडूनच यायला हवा. आणि ‘ओ’ गटाच्या वडिलांजवळ तो नसतो. मी आधी प्रयोगशाळेची चूक गृहीत धरून तिघांचीही तपासणी पुन्हा करविली. निकाल तोच. गृहस्थांचे मूळ गाव सिंधुदुर्गातले आहे हे ऐकले, तेव्हा मात्र माझ्या मनात एक शंका डोकावली.

रक्तगट ओळखतात कसा, ते आधी पाहू. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये हे गट दाखवून दिले व त्याबद्दल १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लाल पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाशी असलेली विशिष्ट शर्करा म्हणजेच ‘ए’ किंवा ‘बी’ प्रतिजन. आपल्या पेशींवर जो प्रतिजन नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या रक्तद्रवात बाळपणापासूनच तयार होतात. प्रयोगशाळेत आपल्या रक्ताच्या थेंबांत निळे अँटी-ए आणि पिवळे अँटी-बी द्रावण मिसळतात. ज्या थेंबात गुठळ्या दिसतील, तो प्रतिजन आपल्याजवळ आहे. दोन्हींत गुठळ्या नसतील, तर कागदावर ‘ओ’ लिहिले जाते.

येथेच एक फट राहते. ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन्ही प्रतिजन ‘एच’ नावाच्या मूळ प्रतिजनावर रचले जातात. ‘ओ’ गटाच्या माणसाकडे वरची रचना नसते, पण हा पाया भरपूर असतो. क्वचित एखाद्याजवळ पायाच नसतो. मग ‘बी’ रचणारे जनुक असूनही त्याला काही रचता येत नाही. अशा व्यक्तीचा थेंब दोन्ही द्रावणांत स्वच्छ राहतो आणि ती ‘ओ’ म्हणून नोंदली जाते. मुलांना ते जनुक मात्र वारशाने मिळते आणि जोडीदाराकडून ‘एच’ मिळाला की ते आपले काम करते.

हा प्रकार १९५२ मध्ये डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे मांडला. मुंबईत सापडला म्हणून त्याचे नाव ‘बॉम्बे रक्तगट’. शहराचे नाव बदलले, गटाचे तेच राहिले! भारतात साधारण दहा हजारांत एकाजवळ तो असतो, असे सांगितले जाते. युरोपात तो अत्यंत दुर्मीळ आहे. जवळच्या नात्यातील विवाहांत त्याचा संभव वाढतो.

धोका रक्त घेताना आहे. या व्यक्तींच्या रक्तद्रवात ‘एच’विरुद्धही प्रबळ प्रतिपिंडे असतात. ‘ओ’ रक्त सर्वांना चालते, असे आपण शाळेपासून ऐकतो. ‘ओ’ पेशींवर तर ‘एच’ सर्वाधिक असतो. ते रक्त यांना दिले, तर त्या पेशी शरीरातच फुटू लागतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, प्राणही जाऊ शकतो. यांना केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते. म्हणून केवळ पेशींच्या तपासणीवर विसंबू नये. रुग्णाच्या रक्तद्रवात ‘ओ’ पेशी मिसळून उलट तपासणीही व्हावी. तेथे गुठळ्या दिसल्या, तर शंका घ्यावी. शिबिरात मिळालेले कार्ड हे अंतिम प्रमाणपत्र नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे; रक्तपेढीत रक्त देण्यापूर्वी होणारी जुळवणीच शेवटी रुग्णाला वाचवते.

त्या गृहस्थांचा नमुना मी परळच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहीमॅटॉलॉजीकडे पाठविला. उत्तर आले : बॉम्बे गट. मी दोघांनाही समोर बसवून, कागदावर आकृती काढून समजाविले. पत्नी एक शब्दही बोलली नाही. पतीला मात्र तिच्याकडे पाहणे जड जात होते. ते दोघांनी आपसांत कसे निस्तरले, ते मला ठाऊक नाही.

जाताना मी विचारले, “भावंडे आहेत का?” हा गट सख्ख्या भावंडांत चारांत एकाला असण्याचा संभव असतो. त्यांना एक धाकटी बहीण होती, कार्डावर ‘ओ’, आणि सातवा महिना चालू होता. तिचीही तपासणी करविली. गट तोच निघाला. प्रसूतीला अजून दोन महिने होते, तेवढ्यात दाते शोधून ठेवता आले.