फोटोत बांध दिसत नाही म्हणे!

"उपग्रहाच्या फोटोत शेती दिसत नाही, म्हणून दावा नामंजूर." असा कागद हातात पडला की माणूस गप्प होतो. आभाळातून काढलेला फोटो, तो खोटा कसा असेल? आम्ही म्हणतो, फोटो खोटा नसेलही. पण तो कधी काढला, कशाने काढला, हे विचारल्याशिवाय मान खाली घालायची नाही.

दळी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इंग्रज आमदनीत जंगलखात्यानेच कातकरी-ठाकरांना डोंगरउतारावर दळ्या दिल्या. काही वर्षं नाचणी, वरी करायची, मग जमिनीला विसावा द्यायचा. विसाव्याच्या वर्षी तिथे झुडूप माजतं. त्या वर्षी वरून फोटो काढला तर जंगलच दिसणार! पावसाळ्यात आडवे ढग. उन्हाळ्यात भाजलेला राब आणि वणव्याने जळलेलं रान, दोन्ही काळंच.

आता हिशेब करा. 2003 साली सोडलेल्या रिसोर्ससॅट उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढाच रुंद. म्हणजे वीस गुंठ्यांची दळी जेमतेम चार ठिपक्यांची. दीड हाताचा दगडी बांध त्यात कुठून दिसणार? त्याच उपग्रहावर याहून बारीक, पावणेसहा मीटरच्या ठिपक्याचा कॅमेराही होता. मग आपल्या दाव्याला कुठला फोटो लावला? तारीख कुठली? कायद्याची तारीख 13 डिसेंबर 2005 आहे, तिच्या आसपासचा तरी आहे का? नक्कल लेखी मागा.

आम्ही फोटोच्या विरोधात नाही. एका वाडीत आम्ही बारीक ठिपक्यांचा फोटो अंगणात पसरला. पोरांना काही कळेना. एक म्हातारी बसली, ओहोळ शोधला आणि बोट फिरवत म्हणाली, "ही आंब्याची रांग. सासऱ्याने बांधावर लावलेले." जंगल कधी रांगेत उगवत नाही. ऊन तिरपं असताना काढलेल्या चांगल्या फोटोत उंच बांधाची सावलीही रेघेसारखी पडते. पण ती रेघ कुणाच्या बांधाची, हे म्हातारीच सांगणार.

कायदाही तेच सांगतो. 2008 च्या नियमांत बांध, सपाट केलेली जमीन, विहीर, स्मशान, देवाची जागा हे सगळे पुरावे आहेत. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावाच. 2012 च्या दुरुस्तीत तर स्पष्ट आहे: उपग्रहाचा फोटो इतर पुराव्यांना जोड म्हणून घ्यायचा, त्यांच्या जागी नाही. गुजरात उच्च न्यायालयानेही 2013 मध्ये नुसत्या फोटोवर दावे फेटाळणं मानलं नाही. तरी आपल्याकडे टेबलावरचा फोटो बघून शिक्का बसतो आणि डोंगर चढायला कुणी येत नाही.

तेव्हा वनहक्क समितीने फोटो हातात घेऊन, म्हाताऱ्यांना पुढे घालून बांधाबांधाने फिरावं. जिथे झाड, दगड, ओहोळ जुळेल तिथे खूण करून लगेच पंचनामा लिहावा, अंगठे घ्यावेत. हे मिरगाच्या आत उरका. एकदा पाऊस लागला की गवतात बांध आपल्यालाही सापडत नाही.