‘डालमोर’चे बदलते धनी आणि भारताची सात वर्षे

भारत आणि ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी मुक्त व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या, तेव्हा स्कॉचवरील आयात शुल्काची बरीच चर्चा झाली. १५० टक्क्यांचे हे शुल्क करार अमलात येताच ७५ टक्क्यांवर आणि त्यानंतर दहा वर्षांच्या काळात ४० टक्क्यांवर आणण्याचे त्यात ठरले. स्कॉटलंडमधील एक अत्यंत नामांकित डिस्टिलरी २००७ ते २०१४ अशी सात वर्षे चक्क भारतीय मालकीची होती, हे मात्र या चर्चेत फारसे कुणाला आठवले नाही. ती डिस्टिलरी म्हणजे ‘डालमोर’.

उत्तर स्कॉटलंडमध्ये क्रोमार्टी नावाची खाडी आहे. तिच्या काठी, अलनेस गावाजवळ, १८३९ मध्ये अलेक्झांडर मॅथेसन यांनी ही भट्टी उभारली. हे मॅथेसन कोण, हे पाहिले की भारताचा संबंध मल्ल्यांच्या बराच आधी सुरू होतो. चीनच्या व्यापारात गडगंज झालेल्या ‘जार्डिन मॅथेसन’ पेढीचे ते भागीदार आणि तिचे एक संस्थापक जेम्स मॅथेसन यांचे भाचे. या पेढीचा मुख्य व्यवहार अफूचा होता, आणि त्या अफूचा मोठा हिस्सा माळव्यात पिकून मुंबई बंदरातून चीनकडे रवाना होत असे. मुंबईतील त्यांचे विश्वासू सहकारी होते जमशेटजी जीजीभॉय. ज्यांच्या नावाचे रुग्णालय आणि कलाशाळा मुंबईकर रोज ‘जेजे’ म्हणून उच्चारतात, तेच हे जमशेटजी. १८३९ याच वर्षी लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या आणि पहिल्या अफूयुद्धाला तोंड फुटले. डालमोरच्या जाहिरातींत हरणाचे शिंग दिसते, राजघराण्याची दंतकथा ऐकू येते. अफूचा उल्लेख अर्थातच फारसा नसतो.

ते शिंग आले मॅकेन्झी घराण्याकडून. अँड्र्यू मॅकेन्झी आणि त्यांच्या भावाने १८६७ मध्ये डिस्टिलरी चालवायला घेतली आणि १८९१ मध्ये ती विकत घेतली. तेराव्या शतकात त्यांच्या पूर्वजाने राजा तिसरा अलेक्झांडर याला चवताळलेल्या हरणापासून वाचवले, अशी या घराण्याची आख्यायिका. तेच बारा टोकांच्या शिंगांचे हरीण आजही बाटलीवर आहे.

पहिल्या महायुद्धाने या शांत खाडीची पार दैना केली. जर्मन पाणबुड्या रोखण्यासाठी ऑर्कनी बेटांपासून नॉर्वेपर्यंत समुद्रात सुरुंगांची रांग पेरायची योजना १९१८ मध्ये अमलात आली. एकूण सुमारे सत्तर हजार सुरुंग पेरले गेले, त्यांतले बहुसंख्य अमेरिकन. अमेरिकी नौदलाने आपले सुरुंग जुळवण्यासाठी ज्या जागा ताब्यात घेतल्या, त्यांत डालमोर होती. धान्य आणि पिंपे हलवली गेली, गोदामांत स्फोटके आली. युद्ध संपले, पण लष्कराचा मुक्काम पुरता हलण्याआधीच १९२० मध्ये स्फोट आणि आगीने डिस्टिलरीचे मोठे नुकसान केले. मालकांना भरपाईसाठी ब्रिटिश नौदल खात्याशी दीर्घ कज्जा करावा लागला. उत्पादन पुन्हा सुरू झाले ते १९२२ मध्ये.

पुढचा इतिहास भराभर सांगता येईल. १९६० मध्ये मॅकेन्झी बंधूंची कंपनी आपल्या जुन्या ग्राहक कंपनीत, ग्लासगोच्या ‘व्हाइट अँड मॅके’मध्ये विलीन झाली. १९६६ मध्ये भट्टीतील तांब्याच्या भांड्यांची संख्या दुप्पट होऊन आठ झाली. त्यानंतर मालकी या समूहाकडून त्या समूहाकडे जात राहिली. ब्रेंट वॉकर, मग अमेरिकन ब्रँड्स, मग २००१ मध्ये खुद्द व्यवस्थापकांनीच केलेली खरेदी. मालक बदलले तरी दारू गाळणारे हात बदलले नाहीत. रिचर्ड पॅटरसन हे मिश्रणतज्ज्ञ १९७० पासून या कंपनीत होते आणि त्यांच्या नाकाचा विमा उतरवल्याची कथा स्कॉच व्यवसायात प्रसिद्ध आहे.

मे २००७ मध्ये विजय मल्ल्या यांच्या युनायटेड स्पिरिट्सने ५९.५ कोटी पौंड मोजून व्हाइट अँड मॅके घेतली. तो काळ आठवावा. टाटांनी त्याच वर्षी कोरस घेतली होती, आणि परदेशी कंपनी खरेदी करणे हा राष्ट्राभिमानाचा विषय झाला होता. तरीही या सौद्यामागे निव्वळ मिरवणे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. भारतातील बरीचशी व्हिस्की मळीपासून बनते आणि युरोपात ती व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. वरच्या दर्जाच्या देशी व्हिस्कीत मिसळायला खरी स्कॉच लागते आणि तिचे भाव चढत होते. डालमोर, जुरा, फेटरकेर्न या माल्ट भट्ट्या आणि इन्व्हरगॉर्डनची प्रचंड धान्य-डिस्टिलरी एकदम हाती आल्याने कच्च्या मालाची चिंता मिटणार होती. १९९५ पासून बंद असलेली टॅमनाव्हुलिन ही भट्टीही २००७ मध्येच पुन्हा पेटली.

याच काळातील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. अंटार्क्टिकावर अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या १९०७ च्या मोहिमेतील झोपडीखाली मॅकिनले व्हिस्कीच्या पेट्या बर्फात गोठलेल्या सापडल्या. मॅकिनलेचे नाव तेव्हा व्हाइट अँड मॅकेकडे होते. जानेवारी २०११ मध्ये त्यातील तीन बाटल्या न्यूझीलंडहून मल्ल्यांच्या खासगी विमानाने स्कॉटलंडला आल्या आणि पॅटरसन यांनी त्या चवीची हुबेहूब व्हिस्की बनवली. कल्पना उत्तम होती, जाहिरात त्याहून उत्तम.

हिशेब मात्र जमला नाही. खरेदी कर्ज काढून झाली होती, २००८ मध्ये जगभर मंदी आली आणि किंगफिशर विमान कंपनी समूहाच्या गळ्यातला धोंडा ठरली. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिची विमाने जमिनीवर आली. पुढच्याच महिन्यात डियाजियोने युनायटेड स्पिरिट्समधील हिस्सा घेण्याचे जाहीर केले. ब्रिटिश बाजारात ‘बेल्स’ डियाजियोची आणि ‘व्हाइट अँड मॅके’ही तिचीच, असे झाल्यास स्पर्धा उरणार नाही, असा आक्षेप तिथल्या स्पर्धा नियामकाने घेतला. परिणामी २०१४ मध्ये कंपनी फिलिपिन्सच्या ब्रँडी उत्पादक एम्पेरॅडोरला ४३ कोटी पौंडांना विकावी लागली. सात वर्षांत साडेसोळा कोटी पौंडांची घट. डालमोरची भट्टी या साऱ्या काळात व्यवस्थित चालू होती. २०१० मध्ये ‘ट्रिनिटास’ या ६४ वर्षे जुन्या व्हिस्कीची बाटली एक लाख पौंडांना विकली गेली, तीही याच मालकीत. धंदा बुडाला नाही, मालक बुडाला.

आज भारत हा बाटल्यांच्या संख्येत स्कॉचचा सर्वांत मोठा ग्राहक आहे. २०२४ मध्ये १९ कोटी २० लाख बाटल्यांइतकी स्कॉच इथे आली. पण त्यातला मोठा भाग पिंपांतून येणारा, म्हणजे इथे बाटलीबंद होणारा किंवा देशी व्हिस्कीत मिसळला जाणारा. शुल्ककपातीचा खरा लाभ तिथे होईल. दुकानातील किंमत किती उतरेल हे राज्यांच्या उत्पादन शुल्कावरही ठरते. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरील हे शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणले, तेव्हा दरातला फरक ग्राहकाला लगेच जाणवला होता. डालमोरच्या बाटलीचे शुल्क अर्धे झाले तरी तिच्यावरील नफा आता फिलिपिन्सला जाईल.