रक्तात काय नसतं

परवा रात्रपाळीला आमचा मुकादम म्हणाला, "तुमी कितीबी शिका, ते रक्तातच असावं लागतं." मी रिंगवर तुटका धागा जोडत होतो. गप्प राहिलो. आता बोलतो.

मुकादमा, रक्तात वारसा शोधतोस? रक्ताच्या पक्व लाल पेशीत तर जनुकच नसतं. वारसा येतो बीजातून. आईकडून २३ गुणसूत्रं, बापाकडून २३. मनूनं बाईला शेत म्हटलं आणि बीज थोर ठरवलं. १९२७ साली महाडला ते पुस्तक जळालं. विज्ञानाचा हिशोबही तोच: निम्मं तिचं, निम्मं त्याचं.

मेंडेल शेतकऱ्याचं पोर. मठात राहून वाटाणे लावायचा. गोल दाण्याचा आणि सुरकुतल्या दाण्याचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे गोल. दुसरीत ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. तिनास एक. सुरकुती मेली नव्हती, दडली होती. वारशाचे कण दुधात पाणी मिसळावं तसे मिसळत नाहीत, सुटे राहतात. १८६६ साली हे छापून आलं. मग 'रक्त बाटलं' म्हणजे नेमकं काय बाटलं?

उंचीत जनुकांचा हात असतो. पण पोटात भाकर नसली तर तीही खुंटते. आणि हुन्नर? मुंबईच्या गिरण्यांत आमच्या पणज्यांच्या पिढीला साचेखात्यात घेत नसत. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आमचं तोंड विटाळाचं! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल लावून धरला. विणणं रक्तात नव्हतं, की खात्याचं दार बंद होतं?

१९१६ साली, वयाच्या २५ व्या वर्षी, बाबासाहेबांनी सांगितलं: जातीचं मूळ बेटीबंदीत. २०१३ साली जनुकं तपासणाऱ्यांना तेच दिसलं. इथली माणसं सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांत मिसळत होती. मग कुंपणं पडली. कुंपण माणसानं घातलं, निसर्गानं नाही.

दोस्तहो, टाळ्या नकोत. आपल्यातलेही छाती ठोकून म्हणतात, 'आमचं रक्तच लढवय्याचं!' आणि सोयरिकीला पोटजात विचारतात. ही मुकादमाची भाषा आपल्या तोंडात कशी? महाडचं पाणी रक्तानं मिळालं नाही. माणसं ठरवून चालत गेली. निर्धार जनुकातून उतरत नाही. तो दर पिढीला नव्यानं कमवावा लागतो.

मुकादमाला मी पुढच्या पाळीला तोंडावर सांगणार. तुम्ही आधी घरात सांगा.

जयभीम.