शहराचा आराखडा ठरतो, तेव्हा नागरिक कुठे असतात?

एप्रिल २०१६. मिरजेहून पाणी घेऊन निघालेली रेल्वे लातुरात पोहोचली आणि शहराची टंचाई देशभर गाजली. त्याच वर्षी लातूरकरांनी ‘जलयुक्त लातूर’ चळवळीतून वर्गणी काढून मांजरा नदीचं पात्र खोल केलं. संकटात लोक एकत्र आले. पण शहराचं नियोजन होताना त्यांना बोलता येतं का?

कायदा काय सांगतो?

७४व्या घटनादुरुस्तीनुसार ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लातूरची लोकसंख्या सुमारे ३.८ लाख, नांदेडची ५.५ लाख. म्हणजे दोन्ही शहरं यात येतात.

रस्ते, बागा, शाळा यांच्या जागा विकास आराखड्यात ठरतात. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार अशा शहरांत प्रारूप आराखड्यावर ३० दिवसांत लेखी हरकत किंवा सूचना देता येते.

फरक पडतो का?

पडतो. मुंबईत २०१५ मध्ये हजारो हरकतींनंतर प्रारूप आराखडा नव्याने करावा लागला.

अडचण मुदतीची आहे. सूचना राजपत्रात निघते, नकाशा अनेकांना वाचता येत नाही आणि महिना निघून जातो. म्हणून आराखडा जाहीर होताच आपल्या प्रभागाचा नकाशा आधी पाहा. नदी खोल करायला वर्गणी लागली. हरकतीला एक अर्ज पुरतो.