निजलेले बी

चामराजपेटेतील वाण्याकडून आणलेला तांदूळ असो की भंडाऱ्याच्या शेतातला, तो निवडताना एखादा तांबडा दाणा कधीमधी हाती येतो. कित्येकदा तो तणभाताचा असतो. छत्तीसगडात या तणास 'करगा' म्हणतात, केरळात 'वरिनेल्लु'. कोवळेपणी हे तण हुबेहूब भातासारखे दिसते. मात्र कापणीपूर्वीच त्याचे पुष्कळ दाणे गळून मातीत पडतात. भिजवून पेरलेले भात थोड्याच दिवसांत उगवते. हे दाणे ओल मिळूनही निजून राहतात. काही पुढच्या हंगामात जागे होतात, तर काही त्याच्याही पुढे.

ही निद्रा कोण आणतो? बियातील दोन द्रव्यांच्या ओढाताणीवर ती अवलंबून असते. अ‍ॅब्सिसिक आम्ल अंकुरास थोपवून धरते. जिबरेलीन त्यास जागे करते. जिबरेलिनाचा शोधही भातामुळेच लागला. रोपे वेड्यासारखी उंच वाढवणाऱ्या रोगाचे कारण एका बुरशीने सोडलेले द्रव्य आहे, असे कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने 1926 साली तैवानात दाखवले. तेच द्रव्य वनस्पती स्वतःही तयार करतात. दाणा भिजला की गर्भातून जिबरेलीन सालीखालच्या थरात पोहोचते. तेथे पाचक द्रव्ये निर्माण होतात, पिष्टाची साखर होते आणि कोंबाची शिदोरी सिद्ध होते. नुकत्याच पिकलेल्या तणभाताच्या दाण्यात अ‍ॅब्सिसिक आम्लाचा पगडा मोठा असतो. कोरड्या हवेत काही महिने गेले की तो ओसरतो. तांबडा रंग आणि ही निद्रा एकाच जनुकाच्या प्रभावाने येतात, हे 2011 साली स्पष्ट झाले.

मग निद्रा वाईटच म्हणावी काय? तसे नाही. कापणीच्या दिवसांत पाऊस लांबला आणि भात आडवे झाले, तर ज्या वाणात ती अगदीच उणी असते त्याच्या लोंबीतच कोंब फुटतात. वर्षाचे धान्य हातचे जाते. म्हणून नवे वाण घडवणाऱ्यास थोडी निद्रा राखावीच लागते.

तणभाताशी झुंजताना मात्र हेच ज्ञान उलटे वापरावे. पेरणीपूर्वी शेत ओलावून दाणे उगवू द्यावेत आणि रोपे कुळवून मोडावीत. गळालेले दाणे खोल नांगरून गाडू नयेत. खोलवर ते अधिक काळ जिवंत राहतात. लावणीच्या शेतात उभे पाणी उगवण रोखते आणि ओळींबाहेरचे तण सहज ओळखू येते. थेट पेरणीत हे दोन्ही आधार सुटतात. म्हणून मजुरी वाचवण्यासाठी पेरणीकडे वळणाऱ्या शेतकऱ्याने अधिक सावध असावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शुद्ध बियाणे. बियाण्याचे मूठभर दाणे सोलून पाहावेत. त्यांत तांबडा दाणा आढळला, तर ते बियाणे पेरू नये.