बोलण्यावर जकात

मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी गेली. पण नाक्यावर बसून वाटसरूंना अडविण्याची ज्यांना हौस आहे, त्यांची हौस काही गेली नाही. लोक इंटरनेटवरून फुकट बोलतात, ही दूरसंचार कंपन्यांची रड मी गेली दहा वर्षे ऐकतो आहे. ‘सेवा सारखी, तर नियमही सारखा,’ असे त्यांचे गोंडस सूत्र! पण फुकट बोलतो कोण? डेटाचे पैसे आधी मोजूनच आम्ही तोंड उघडतो. पाणीपट्टी भरल्यावर त्याच पाण्याचा चहा केला म्हणून कोणी निराळी पट्टी मागू लागला, तर आमच्या गिरगावच्या चाळीत त्याची काय संभावना होईल हे सांगायला नकोच.

मागला काळ काही सोन्याचा नव्हता. लालबाग-परळात रात्री अकरा वाजता दर पावावर येत, तोवर माणसे एस.टी.डी. बूथपुढे तिष्ठत उभी असत. तिकडे चिपळूणला आई शेजाऱ्यांच्या फोनपाशी ताटकळत बसलेली आणि इकडे मुलाचे डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर! ‘बरी आहेस ना? ठेवतो.’ झाले संभाषण. नव्वदीच्या दशकात अमेरिकेचे एक मिनिट तर पन्नास रुपयांच्या वर जाई.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांना खुले केले. पण त्यावरून टेलिफोनसारखे बोलायला बंदी! ती उठली १ एप्रिल २००२ रोजी, आणि तीही अर्धीच. (तारीख ज्याने निवडली, त्याच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार.) गिरगावातल्या संगणकावरून न्यू जर्सीतल्या टेलिफोनची घंटा वाजविणे कायदेशीर, दादरच्या टेलिफोनची वाजविली तर गुन्हा! सातासमुद्रापलीकडच्या लेकाशी बोला, पण चार स्टेशनांपलीकडच्या बहिणीला फोन लावाल तर खबरदार. या नियमाने रक्षण झाले ते कोणाचे? बहिणीचे खचित नव्हे.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने अशा कॉलांना वेगळा आकार लावण्याचे जाहीर केले आणि लोक खवळताच काही दिवसांत माघार घेतली. पुढल्या वर्षी ट्रायने मते मागविली, तेव्हा दहा लाखांवर ई-पत्रे जाऊन थडकली. फेब्रुवारी २०१६ मध्ये आत काय आहे ते पाहून डेटाचा दर बदलायला मनाई झाली. तरी मागणी मरत नाही. दर खेपेस नवा सदरा घालून दारात उभी! तारा आणि मनोरे उभारायला पैसा लागतो, हे मला मान्य आहे. मग डेटाचा दर उघडपणे वाढवा, आम्ही त्यावर उघडपणे भांडू. पण त्या डेटातून मी बोलतो की गाणे ऐकतो, याची चौकशी करणारे तुम्ही कोण?

परवा आमच्या मजल्यावरच्या आजी पिठाच्या डब्याला फोन टेकवून न्यू जर्सीतल्या नातीला चकल्या शिकवीत होत्या. तासभर कॉल चालू होता. त्यात निम्मा वेळ कोणी बोलतच नव्हते. तिकडच्या कढईतले तेल तापायची वाट पाहात दोघी नुसत्या बसल्या होत्या. त्या गप्प बसण्याला मिनिटामागे काय आकार घेणार आहात, तेवढे एकदा छापून जाहीर करा.